पेंढा पौष्टिक करायची धडपड कुठून सुरू झाली

गोव्यात ज्याच्या गोठ्यात दोन-चार गुरं आहेत त्याचा वर्षभराचा आधार म्हणजे भाताचा पेंढा, आणि त्यात पोट भरण्यापलीकडे फारसं काही नसतं, प्रोटीन जेमतेम ३-४ टक्के, सिलिका म्हणजे वाळूसारखा न पचणारा घटक भरपूर, नि सेल्युलोज म्हणजे पचण्यासारखा तंतू लिग्निन ह्या लाकडासारख्या कडक घटकामध्ये असं अडकलेलं की गाईच्या पोटातल्या जंतूंनाही ते नीट सोडवता येत नाही. मग दूध टिकवायला पेंड विकत आणा, हिशेब तिथंच बिघडतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चाऱ्याची टंचाई पडली तेव्हा बेकमन नावाच्या शास्त्रज्ञानं पेंढा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून धुवायची पद्धत काढली. पेंढा चांगला पचायला लागला, पण धुवायला पाणी अफाट आणि त्याच पाण्याबरोबर विरघळलेलं पोषणही वाहून जायचं. नॉर्वेत ती बरीच वर्षं चालली, मग पेंढ्यावर अमोनिया गॅस सोडायची पद्धत आली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ह्यातलं काहीच झेपणारं नव्हतं.

म्हणून १९७० नंतर बांगलादेश, श्रीलंका, भारत इथं युरियावर काम झालं. १०० किलो सुक्या पेंढ्याला ४ किलो युरिया, साधारण ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, पायानं तुडवून हवा काढायची, प्लास्टिकनं गच्च झाकून ३ आठवडे हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो पेंढ्याचे घट्ट बंध सैल करतो. उघडला की रंग तपकिरी, वास नाकात झोंबतो, तो उडेपर्यंत पसरून ठेवायचा नि मगच घालायचा, लहान वासरांना तर नाहीच. प्रोटीन जवळपास दुप्पट होतं. पण कुणी युरिया पाण्यात कालवून लगेच गुरांपुढं ठेवला तर जनावर दगावू शकतं, हे प्लीज लक्षात ठेवा.

एवढं असून हे पसरलं नाही. मेहनत, पाणी, प्लास्टिक सगळं लागतं, आणि आयसीएआरनं, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेनं, डच मदतीनं जो प्रकल्प चालवला त्यातही हेच दिसलं की पेंढा मुबलक, हिरवा चारा कमी आणि दुधाला गिऱ्हाईक, असं असेल तिथंच हे परवडतं. एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) युरिया-गुळाची चाटण वीट, जी गुरं नुसती चाटतात, ती त्यामानानं सोपी.

मला विचाराल तर आपण कापणीकडे बघतच नाही. भाताच्या पानात सिलिका जास्त, खालचा दांडा त्यापेक्षा पचायला बरा, म्हणजे विळ्यानं जमिनीलगत कापलेला पेंढा जास्त चांगला. आता हार्वेस्टर वरून कापतो, चांगला भाग धसकटात राहतो आणि उरलेला चाकांखाली चिखलात जातो. त्यात सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी परतीच्या पावसात सापडली की पेंढ्याला बुरशी. युरिया घातलेला पेंढा ओला असला तरी अमोनियामुळे बुरशी धरत नाही, आणि माझ्या मते गोव्यात ह्या पद्धतीचा खरा उपयोग इथं आहे, उन्हाळ्यातल्या पेंढ्याच्या कोरड्या उडवीपेक्षा (ढिगापेक्षा) ऑक्टोबरातल्या भिजलेल्या पेंढ्याला.