वळीव, तारा आणि राउटर : घरातील नेटवर्क विजेपासून वाचवण्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर कडकडाटासह येतो, परतीच्या पावसातही विजा चमकतात, आणि राउटर बंद पडल्याच्या तक्रारी याच दोन हंगामांत वाढतात. बहुतेक वेळा वीज घरावर पडलेली नसते. साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह थोड्या अंतरावर जमिनीत उतरला, तरी आसपासच्या लांब तारांमध्ये क्षणभर मोठा विद्युतदाब निर्माण होतो, आणि घरात शिरणाऱ्या दोन तारांच्या दाबातला फरक मधल्या उपकरणाला सोसावा लागतो.

बेंजामिन फ्रँकलिनने १८व्या शतकाच्या मध्यावर सुचवलेला तडितरक्षक इमारतीसाठी होता. तारांचा प्रश्न पुढे आला तो तारायंत्रामुळे, कारण मैलोगणती उघडी तार थेट यंत्रापर्यंत पोहोचू लागली. त्यावर तार आणि जमीन यांच्यात बारीक फट ठेवायची, म्हणजे जादा दाब ती फट ओलांडून जमिनीत जाईल, अशी युक्ती निघाली. टेलिफोन एक्स्चेंजांत याच तत्त्वावर आधी कार्बनचे ठोकळे आणि नंतर वायू भरलेल्या नळ्या आल्या. घरातला जुना फोन तसा दणकट असल्याने ग्राहकाच्या बाजूकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

२००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा त्याच तांब्याच्या जोडीवरून घरात आली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. मोडेमच्या एका बाजूला खांबावरून आलेली टेलिफोनची तार आणि दुसऱ्या बाजूला अडॅप्टरमधून वीजपुरवठ्याची तार, अशी दोन टोके आता सर्किटच्या एका नाजूक पाटीवर भेटत होती. पुढे केबलवाल्यांनी गच्च्यांवरून आणि खांबांवरून लॅन केबल, म्हणजे राउटर आणि संगणक जोडणाऱ्या तांब्याच्या तारा, ओढल्या, हे तर सरळ आमंत्रणच होते. लॅन पोर्टच्या आत असलेले छोटे रोहित्र मानकानुसार १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक अडवते. त्यापुढे ते जळते, आणि मग राउटरचे दिवे लागतात, वायफायही चालते, पण केबल लावलेला पोर्ट मात्र मेलेला असतो.

बाजारातल्या स्पाइक गार्डमध्ये जादा दाब वळवणारे जे झिंक ऑक्साइडचे घटक असतात, ते १९७०च्या दशकापासून प्रचारात आहेत. प्रत्येक धक्क्यागणिक ते थोडे झिजतात, आणि गार्डचा दिवा लागलेला आहे यावरून ते शाबूत आहेत असे मानता येत नाही. शिवाय जादा प्रवाह जमिनीत सोडायचा, तर बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरोखर अर्थिंग हवे. खानापूरच्या बाजूला जांभ्याच्या कोरड्या जमिनीत ते अवघड जाते, कारण वळीव येतो तेव्हा उन्हाळ्याने माती पूर्ण सुकलेली असते. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतण्याची वायरमनची जुनी सूचना यासाठीच असते. घराचे अर्थिंग, टेलिफोन किंवा केबलचे संरक्षक आणि गच्चीवरच्या अँटेनाचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले असणे मात्र खड्ड्याच्या खोलीपेक्षाही महत्त्वाचे आहे. वेगवेगळे खड्डे असले, तर त्यांच्यातला फरक पुन्हा उपकरणावरच येतो.

फायबरने बाहेरचा रस्ता बराचसा बंद केला, कारण काचेतून वीज वाहत नाही. तरीही खांबावरून येणाऱ्या फायबर केबलला आधारासाठी अनेकदा पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच संपवून फक्त काचेचा भाग आत घ्यायला हवा. घराच्या आतली लॅन मात्र तांब्याचीच राहिली, आणि गच्चीवरचा कॅमेरा किंवा शेजारच्या इमारतीकडे नेलेली केबल जुना धोका नव्याने आत आणते. ढग भरून आले की बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय अनेक घरांत आहे. पण बटण एकच तार तोडते, तीही काही मिलिमीटरच्या फटीने. प्लग उपसून काढावा, आणि गच्चीवरून आलेली केबलही त्याच वेळी राउटरमधून सोडवावी.