शाळांच्या कामांची यादी ठरवायची कोणी? शिक्षण मंडळांची पार्श्वभूमी

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की कोणत्याही महापालिकेच्या शिक्षण विभागाची कामांची यादी साधारण सारखीच निघते. गळक्या वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहे, रिक्त पदे, पहिली ते तिसरीचे वाचन आणि गणित. या यादीवर कोणाचा आक्षेप नसतो. ती ठरवायची कोणी, यावरचा वाद मात्र महाराष्ट्रात दीडशे वर्षे चालू आहे.

त्याचे मूळ पैशात आहे. 1869 च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड हा जादा कर वसूल होई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. पैसा रयतेचा, पण शिकतात वरच्या जातींची मुले, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सक्ती लगेच आली नाही. 1884 मध्ये जिल्ह्या-तालुक्यांचा स्थानिक कारभार पाहणारी लोकल बोर्डे मात्र आली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. खरा बदल 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने घडवला. शाळांचा कारभारच स्थानिक संस्थांकडे गेला आणि त्यासाठी स्कूल बोर्डे, म्हणजेच शिक्षण मंडळे, उभी राहिली. शिक्षकाची नेमणूक आणि बदली गावच्या राजकारणात ओढली गेली, ती याच काळात. म्हणून मुंबई इलाख्यातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने 1938 मध्ये कायदा दुरुस्त करून बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर केला. स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार करणाऱ्या काँग्रेसच्याच सरकारला हे करावे लागले, यातच बोर्डांचा अनुभव काय होता ते कळते. 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने हाच साचा पक्का केला.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्या शिक्षण समितीकडे गेल्या. मंडळे उरली ती शहरांत. मुंबईचा कायदा वेगळा, त्यामुळे तिथे महापालिकेची शिक्षण समिती. पुण्यासारख्या शहरांत शिक्षण मंडळाला स्वतःचा अध्यक्ष, सदस्य आणि अंदाजपत्रक असे. मंडळावर वर्णी लागणे ही नगरसेवकपद हुकलेल्या कार्यकर्त्याची सोय मानली जाई. गणवेश, स्वेटर, दप्तरे यांच्या खरेदीवर दरवर्षी गदारोळ होई आणि वर्गात काय चालले आहे हा विषय मागे पडे.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याने शाळेपाशीच व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन घातले. मग 1947 चा कायदा राज्याने 2013 मध्ये रद्द केला. मुदत शिल्लक असलेल्या मंडळांना ती पुरी करू दिली. पुण्याचे मंडळ 2017 पर्यंत टिकले. मंडळे गेल्याचे दुःख करावे असे त्यांचे काम नव्हते, पण त्यांची जागा पालकांना मिळाली असेही झाले नाही. 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या, म्हणजे त्या काळात प्रश्न विचारणारे नगरसेवकही उरले नव्हते.

मधल्या काळातला गणवेशाचा घोळ या खेचाखेचीचा चांगला नमुना आहे. शाळा समिती गावातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घेत असे. 2024-25 साठी राज्याने सगळी खरेदी एका जागी केली. सत्र सुरू होऊन महिने उलटले तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नाहीत, पोचले तिथे मापे चुकली. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय मागे घेऊन काम पुन्हा समित्यांकडे सोपवले गेले.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि त्याच्याच आधारे अनुदानाचे नियोजन व्हायचे. आराखडे होतात, फायलीत लागतात. शिक्षक किती मिळणार हे मात्र पट आणि संचमान्यता, म्हणजे शाळेची पदे मंजूर करण्याची सरकारी प्रक्रिया, ठरवते, आणि संचमान्यतेचे निकष मंत्रालयात ठरतात. वीसच्या आतल्या पटाच्या शाळेच्या समितीने यादीत पहिल्या क्रमांकावर शिक्षक लिहिला, तरी त्याची नेमणूक तिच्या हातात नसते.