पिवळी ज्योत म्हणजे टाकीत पाणी? अजिबात नाही

लातूरला शिकायला आलेली पोरं भाड्यानं खोली घेतात. शेगडी घरमालकाची, जुनी. ज्योत पिवळी आली, पातेल्याची बुडं काळी पडायला लागली की शेजारचे सांगतात, "गॅसमध्ये पाणी भरलंय, टाकी बदलून घ्या." वर्षानुवर्षं हेच चाललंय.

टाकीत पाणी असलंच तर ते तळाशी राहतं. शेगडीपर्यंत येतो तो वरचा वायू. ज्योत पिवळी होते ती हवा कमी पडल्यानं. गॅस अर्धवट जळतो, तापलेल्या काजळीचे कण पिवळे चमकतात आणि तीच काजळी भांड्याला बसते. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साचू शकतो, त्याला वासही नसतो. थंडी असली तरी खिडकी उघडी ठेवाच.

परवा भाचीच्या खोलीवर रेग्युलेटर बंद करून, शेगडी गार झाल्यावर बर्नर उचलला. उतू गेलेलं वरण भोकांत वाळून दगड झालं होतं! भोकं बुजली की गॅसमध्ये हवा नीट मिसळत नाही. गरम पाण्यात भिजवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं, पूर्ण वाळवून बसवलं. ज्योत निळी.

बर्नरची भोकं टाचणीनं मोकळी करा, पण खालच्या पितळी जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या बारीक भोकात, सुई कधीच घालू नका. ते भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो, ज्योत आणखी पिवळी होते. जेट किंवा नळी खराब दिसली तर मालकांना लगेच फोटो पाठवा आणि मिस्त्री बोलवा.