विषाणू गेला, कोलेस्टेरॉल वाढलं

चोपड्याच्या आमच्या मामांचं यकृत बदललं. जुन्या यकृताची वाट लावणारा हिपॅटायटिस सी रक्तात शिल्लक होताच, तो नव्या यकृतातही शिरला. उपचार न घेतल्यास असं जवळजवळ प्रत्येकाचं होतं. मग १२ आठवडे गोळ्या घेतल्या आणि विषाणू गेला. रिपोर्ट ऐकून मामी म्हणाल्या, "आते सारं बरं शे."

पुढच्या तपासणीत एलडीएलसमोर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसमोर, वर तोंड केलेला बाण छापून आला. मामा चिडले. आजारी होतो तेव्हा नॉर्मल, बरा झालो तर वाढलं?

मामांचं चुकत नव्हतं. हा विषाणू चरबीच्या वाहतुकीवर जगतो. यकृत चरबीचे जे कण रक्तात सोडतं, त्यांच्याच जोडीला तो तयार होतो आणि चरबी पांघरून बाहेर पडतो. केळीच्या ट्रकमध्ये पानांखाली लपून कुणी जावं तसा. या घुसखोरीत वाहतूक बिघडते आणि रक्तातलं एलडीएल कमी दिसतं. भारतात जास्त आढळणारा या विषाणूचा प्रकार, जीनोटाइप ३, यात सगळ्यात पुढे. तो यकृतातही चरबी साठवतो. म्हणजे मामांचा आधीचा ‘नॉर्मल’ आकडाच फसवा होता. विषाणू जाताच खरा आकडा उघडा पडला.

म्हणून गोळ्या घेऊ नयेत, असं मात्र कुणी समजू नये. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने, ताप-अंगदुखी सोसत घ्यावी लागत, आणि तरी प्रत्यारोपण झालेल्या बहुतेकांचा विषाणू जात नसे. सोफोसबुविर हे या विषाणूवरचं गोळीचं औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलं आणि चित्रच पालटलं. आता शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. २०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. विषाणू गेल्यावर इन्सुलिनला शरीर बरं दाद देऊ लागतं, हा हृदयाचाही फायदाच. एक जपायचं: ठोक्यांच्या गडबडीसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर आधी सांगा. सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायक मंदावू शकतात.

खरी कटकट पुढची आहे. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस रोज घ्यावं लागतं आणि त्याने साखर, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. प्रत्यारोपणाला काही वर्षं उलटली की रुग्ण दगावण्याच्या मोठ्या कारणांत हृदयविकार असतो. त्यात विषाणू गेल्यावर सुधारलेलं यकृत टॅक्रोलिमस लवकर पचवतं, म्हणजे औषधाची पातळी घसरते. ती पुन्हा तपासून डोस ठरवावा लागतो.

शेवभाजीवरची तेलाची तर्री बंद झाली, हे मामांनी कसंबसं गिळलं. केळीचं मात्र त्यांना जिव्हारी लागलं. टॅक्रोलिमसने रक्तातलं पोटॅशियम वाढतं, फार वाढलं तर ठोकेच बिघडतात. आणि एका मध्यम केळ्यात ते साधारण ४०० मिलिग्रॅम. केळीच्या बागाइतदाराला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? डॉक्टर म्हणाले, आधी रक्त तपासू, मग बोलू. रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे. तोवर मामा घड मोजून व्यापाऱ्याला देताहेत, साल एकाचीही काढलेली नाही.