मेझिंके

मेझिंके : पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक अश्केनाझी ज्यूंच्या लग्नात होणारा फेराचा नाच. (यिद्दिश ही या ज्यूंची जर्मनशी नाते असलेली भाषा.) घरातले शेवटचे अपत्य लग्न होऊन संसाराला लागते त्या दिवशी, जेवणे आणि नाचगाणे रंगात आलेले असताना हा फेर धरला जातो. लग्नातल्या बहुतेक नाचांचा मान वधूवरांचा असतो, हा आईवडिलांचा. त्यांना मधोमध खुर्च्यांवर बसवतात, पाहुणे हातात हात गुंफून भोवती फिरतात, आईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवतात. लेकी, मुलगे, जावई, सुना, जवळचे नातलग एकेक करून फेरातून आत येतात आणि दोघांच्या गालाचा मुका घेऊन पुन्हा फेरात मिसळतात.

‘मेझिंके’ हा यिद्दिश शब्द. अर्थ सर्वांत धाकटी मुलगी. धाकट्या मुलाला ‘मेझिनिक’ म्हणतात. शब्द यिद्दिशमध्ये आला तो शेजारच्या स्लाव्ह भाषांतून. युक्रेनियन भाषेत ‘मिझिनेत्स’ म्हणजे करंगळी. हाताच्या बोटांतली सर्वांत लहान आणि शेवटची ती करंगळी, तशी घरातली ही पोर. आपल्याकडे त्याच मुलाला शेंडेफळ म्हणतात. झाडाच्या शेंड्यावरचे फळ आणि हाताची करंगळी, दोन्ही शब्दांत लाड सारखाच आहे.

नाचाला नाव धाकट्याचे असले तरी तो ठरतो तो शेवटच्या लग्नावरून. मोठ्या बहिणीआधी धाकटीचे लग्न होऊन गेले, तर धाकटीच्या लग्नात मेझिंके होत नाही. मोठी राहिलेली असते, म्हणून आईवडिलांचे काम संपलेले नसते. थोरलीआधी धाकटीला उजवू नये हा आग्रह तसा फार जुना. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात याकोब राहेलसाठी सात वर्षे राबतो आणि सासरा लाबान तिच्या जागी थोरल्या लेआला पाठवतो. याकोबाने जाब विचारल्यावर लाबानाचे उत्तर असे, की थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. पूर्वी हा मान मुख्यतः धाकट्या मुलीच्या लग्नात होत असे. आता शेवटचा मुलगा असो की मुलगी, फरक केला जात नाही. लग्न मुलीचे असेल तर मुलीचे आईवडील बसतात, मुलाचे असेल तर मुलाचे. आणि वधूवर दोघेही आपापल्या घरातले शेवटचे असतील तर चौघेही.

मुकुटाच्या प्रथेला वेगळे नाव आहे : क्रेंत्सल, म्हणजे फुलांचे छोटे कडे. हा शब्द जर्मन कुळातला. क्रेंत्सलमध्ये आईची शेवटची मुलगी उजवली गेली की आईला मुकुट घालतात आणि तिच्या सगळ्या लेकी तिच्याभोवती नाचतात. मेझिंके आणि क्रेंत्सल हे मुळात दोन प्रकार आहेत, पण आजच्या लग्नांत ते एकमेकांत इतके मिसळले आहेत की बहुतेक कुटुंबे दोन्ही नावे एकाच सोहळ्यासाठी वापरतात. सनातनी घरांत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे नाचतात. तिथे क्रेंत्सल ही स्त्रियांच्या बाजूची गोष्ट होते.

काही ठिकाणी आईच्या हातात केरसुणी देतात. कधी ती फुलांनी आणि फितींनी सजवलेली असते. आई, आणि कधी वडीलही, नाचता नाचता जमीन झाडतात. घरातले शेवटचे मूलही आता घराबाहेर पडले, असा त्याचा अर्थ लावतात. मराठी वाचकाला हे खटकण्याचा संभव आहे, कारण आपल्याकडे माणूस उंबऱ्याबाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत. इथे मात्र केरसुणीमागे अमंगळ काही नाही. इतकी वर्षे लेकरांच्या पसाऱ्याने भरलेले घर आई हसत हसत झाडते आहे, आणि पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांचे डोळे पाणावलेले असतात.

या नाचाला आज जी चाल वाजते ती कीवमधले वकील मार्क वार्शाव्स्की (१८४८–१९०७) यांच्या गाण्याची. वार्शाव्स्की आपली गाणी मित्रमंडळींत म्हणत. यिद्दिशचे थोर कथाकार शोलेम अलेइखेम यांनी ती ऐकली, छापायला लावली आणि जाहीर बैठकांतून लोकांपर्यंत नेली. गाण्याचे नाव ‘दी मेझिंके ऑइसगेगेबन’. ‘ऑइसगेबन’ या क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘देऊन टाकणे’ आणि लग्नाच्या संदर्भात ‘मुलगी उजवणे’. म्हणजे नाव मराठीत सरळ असे होते : ‘धाकटी उजवली’. ‘मुलगी दिली’, ‘मुलगी उजवली’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला त्यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही.

गाणे बापाच्या तोंडी आहे. फेर मोठा करा, आणखी मोठा करा, असे तो ओरडून सांगतो, कारण देवाने त्याला आज मोठे केले आहे. रात्रभर धिंगाणा घाला, धाकटी उजवली! आजी रशियन ढंगाने पाय आपटत नाचते आहे, तिला दृष्ट न लागो, असे तो म्हणतो. गावातले गोरगरीब आले आहेत, त्यांना सर्वांत चांगले टेबल मांडा, उंची दारू आणि चांगला मासा वाढा, असेही सांगतो. गाण्यातली ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्व युरोपातल्या ज्यू गावांत लग्नाच्या जेवणाला गरिबांना बोलावणे ही चालत आलेली रीत होती, आणि हा बाप आपल्या आनंदाच्या भरातही ती विसरत नाही.

बापाला एवढे हलके का वाटते, हे समजायला त्याच्यावरचे ओझे पाहावे लागते. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात बापाची मुलाबद्दलची कर्तव्ये सांगितली आहेत : त्याची सुंता करणे, त्याला ‘तोरा’ हा मूळ धर्मग्रंथ शिकवणे, हातात एखादा धंदा देणे आणि त्याचे लग्न करून देणे. कोणी त्यात पोहायला शिकवणेही धरतात. मुलीच्या लग्नाला ‘नादन’ म्हणजे हुंडा लागे. तो जमवणे हातावर पोट असलेल्या शिंप्याला, गाडीवानाला किती जड जात असेल याची कल्पना आपल्याला सहज येते. गरीब वधूला लग्नासाठी मदत करणे हे ज्यू धर्मात मोठे पुण्य. अनाथ मुलीच्या लग्नाला धर्मादाय निधीतून किमान पन्नास झूझ (त्या काळची चांदीची नाणी) द्यावेत, असे मिश्ना या तालमूदच्या मूळ भागात नोंदले आहे, आणि अशा वधूंसाठी वर्गणी गोळा करणारी मंडळे गावोगाव असत. चार मुली असलेल्या घरात हे ओझे चार वेळा उचलावे लागे. चौथीच्या रात्री बाप खुर्चीवर बसतो आणि सगळा गाव त्याच्याभोवती फिरतो.

लग्नात नाचणे ही ज्यू परंपरेत निव्वळ हौस नाही, ते धर्मकृत्य आहे. वधूपुढे नाचावे कसे, हा प्रश्न तालमूदच्या केतुबोत या भागात आला आहे. जुना धर्मपंडित शाम्माई याच्या पंथाने म्हटले, वधू जशी असेल तसे तिचे वर्णन करा. त्याचा समकालीन हिल्लेल याच्या पंथाने म्हटले, प्रत्येक वधू सुंदर आणि लाघवीच म्हणा. तिथेच रब्बी यहुदा बार इलाई जांभळाच्या कुळातल्या मर्टल या सुगंधी झुडपाची फांदी हाती घेऊन वधूपुढे नाचत, अशी आठवण येते. मेझिंकेला मात्र अशा कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. तो लोकाचार आहे, आणि शेजाऱ्यांशी नाते सांगणारा. युक्रेनच्या काही भागांतही शेवटचे अपत्य लग्न करते तेव्हा आईवडिलांना फुलांचे मुकुट घालण्याची चाल आहे. शतकानुशतके एकाच बाजारात, एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन समाजांत शब्द जसा इकडून तिकडे गेला, तसा मुकुटही गेला असावा. मुकुटाचा ज्यू इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. रोमनांशी झालेल्या युद्धांच्या काळात आधी वरांचे आणि मग वधूंचे मुकुट बंद करण्यात आले, असे मिश्ना सांगते. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा शोक लग्नातही पाळला जावा म्हणून.

यिद्दिश लग्नात व्याह्यांसाठी आणखीही नाच आहेत. यिद्दिशमध्ये व्याह्याला ‘मखुतन’ आणि विहिणीला ‘मखतेनेस्ते’ म्हणतात. पुष्कळ भाषांना या नात्याला नावच नाही, मराठीला आणि यिद्दिशला ते आहे. ‘ब्रोइगेस तान्त्स’ म्हणजे रुसव्याचा नाच. त्यात दोन विहिणी समोरासमोर येतात, एकमेकींकडे पाठ फिरवतात, हात झटकतात आणि शेवटी गळ्यात पडतात. आपल्याकडच्या लग्नांतला विहिणींचा रुसवाफुगवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा नाच समजावून सांगावा लागणार नाही. ‘कोइलेच’ नावाची वेणीसारखी वळलेली मोठी पावरोटी हातात धरून घरातली एखादी वयस्क बाई हुप्प्याखालून आलेल्या जोडप्यापुढे नाचते. हुप्पा म्हणजे चार काठ्यांवर ताणलेले लग्नाचे छत. हासिदी या भक्तिपंथातल्या ज्यूंचा ‘मित्स्वा तान्त्स’ अगदी शेवटी, मध्यरात्र उलटल्यावर होतो. त्यात लग्नातला शाहीर, ‘बादखन’, यमक जुळवत एकेका नातलगाला पुकारतो आणि तो नातलग वधूपुढे नाचतो; वधूच्या हातात कमरपट्ट्याचे एक टोक असते आणि त्याच्या हातात दुसरे.

हा सगळा यिद्दिशच्या मुलखातला ठेवा आहे. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्रायल ज्यूंच्या परंपरेत मेझिंके नाही. त्यांच्या लग्नात मेंदी असते, मराठी गाणी असतात, आणि शुभकार्यात एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा करतात.

१८८१ नंतर पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेला गेले आणि मेझिंके त्यांच्याबरोबर गेला. जे युरोपात राहिले त्यांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिद्दिश बोलणारे होते, आणि ज्या गावांत हा फेर धरला जाई ती गावेच ज्यूंवाचून रिकामी झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेत तरुण वादकांनी क्लेझमर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नांत वाजणारे संगीत, पुन्हा वाजवायला घेतले तेव्हा लग्नातल्या या जुन्या चालीही नव्याने ऐकू येऊ लागल्या. आज अमेरिकेतल्या कित्येक लग्नांत वादक ही चाल सुरू करतात तेव्हा नाचणाऱ्यांपैकी कोणालाही यिद्दिश येत नसते. मेझिंके हा एक शब्द मात्र त्यांना येतो. खुर्च्या कुठे मांडायच्या, मुकुट कोणी घालायचा, हे आजीने किंवा एखाद्या मावशीने आधीच सांगून ठेवलेले असते.