मुंबईचा माठ, नागपूरचा माठ

नागपूरची मावशी मे महिन्यात आमच्या परळच्या घरी आली की दुसऱ्याच दिवशी म्हणते, "आमच्याकडं चव्वेचाळीस असतं, पण असा जीव कासावीस होत नाही गं." मग माठातलं पाणी पिऊन पुढची तक्रार, "याला काय माठ म्हणायचं? पाणी कोमटच आहे."

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या कोरड्या दुपारी हे झपाट्यानं घडतं. मुंबईची हवा आधीच बाष्पानं जड, त्यामुळे माठ बाहेरून ओलाच राहतो आणि पाणी काही गार होत नाही. आपलं शरीरही असाच एक माठ आहे.

स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सतत तयार करत असतो. एक लिटर घाम पुरता वाळला, तर अशी साडेसहा-पावणेसात तासांची उष्णता निघून जाते. पाठीवर विटा वाहणाऱ्या माणसाचं शरीर याच्या चौपट तापतं, म्हणजे तेवढाच घाम त्याला दीड-पावणेदोन तास पुरतो. शिवाय तो अंगावर वाळला तरच उपयोग. निथळून जमिनीवर पडलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ तशीच मागे राहते.

हे मोजायची सोपी रीत आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा खेळू द्यायचा. मग दिसतो तो आकडा म्हणजे वेट-बल्ब तापमान, माठाचंच तापमान म्हणा ना. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते साधारण २३ येतं. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर २८ च्या वर जातं. मावशीचा जीव कासावीस होतो तो या पाच अंशांमुळे. हाच आकडा ३५ ला पोचला, तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं गणित सांगतं. प्रयोगशाळेत तरुणांवर केलेल्या चाचण्यांत तर शरीराच्या तापमानाचा तोल ३०-३१ च्या आसपासच जाऊ लागलेला दिसला.

म्हणून विदर्भातला उन्हाळा निर्धास्त, असं मुळीच नाही. तिथं हवाच त्वचेपेक्षा गरम असते, ती अंगाला तापवते आणि घाम इतक्या लवकर उडतो की किती पाणी गेलं ते कळतही नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांच्या अंगावर पंखा तिथं गरम झोतच सोडतो. वाळ्याचा कूलर तिथं जीव वाचवतो, तोच मुंबईत लावला तर खोलीतला दमटपणा तेवढा वाढतो. डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा खरोखर कामाचा. खिशातल्या कांद्यानं मात्र शरीराचं तापमान उतरत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर कुणी भर दुपारी बाहेर पडू नये.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात पुरस्कार सोहळ्यासाठी दुपारपर्यंत बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचं तापमान होतं ३८ च्या आसपास. हा आकडा सावलीतला असतो, हे आपण विसरतो. वेधशाळा तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या हवेत मोजते. डोक्यावरचं ऊन, शेजाऱ्यांच्या अंगाची धग आणि दमटपणा त्यात येत नाहीत. त्यातून उन्हाळ्याची सुरुवात. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जातं. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा बेशुद्ध पडलं, तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

उष्म्याचे बहुतेक बळी मात्र असे मैदानात पडत नाहीत. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे धावतं, घामामुळे ते आटतं, रक्तदाब उतरतो आणि हृदयाला दुप्पट राबावं लागतं. आधीच दुबळं हृदय किंवा मूत्रपिंड इथं हार मानतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ऊन कुठंच लिहिलं जात नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. त्या महिन्यातले मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. एवढ्या घरांमधला शोक केवळ वजाबाकीतून कळावा, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातूनच २०१३ साली त्या शहरानं उष्णता कृती आराखडा केला. आगाऊ इशारे, पाण्याची सोय आणि डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण त्यात आलं. वस्त्यांमधली छपरंही तिथं पांढरी रंगवली गेली.

छपराचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण शरीर सावरतं ते रात्री. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर ते सोडत राहतात. एसी खोलीतली उष्णता गल्लीत ओततो. समोरच्या चाळीत खिडकी उघडणाऱ्याच्या अंगावर ती येते.

यंदा मी आर्द्रताही दाखवणारा एक छोटा तापमापक आणला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या पत्र्याच्या खोलीत तो एक रात्र ठेवला. अकरा वाजतासुद्धा तिथला आकडा आमच्या स्लॅबच्या घरापेक्षा वर होता. गेल्या रविवारी त्यांच्या मुलानं आणि मी मिळून पत्र्याला चुना लावला. तापमापक अजून तिथंच आहे.