पोस्टकार्डाएवढा राजहंसगड

वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की खानापूरच्या रस्त्याकडेची जांभ्याची माती बघावी. सकाळी ती विटकरी आणि धुळकट असते, संध्याकाळी तीच गडद तपकिरी. मातीत नवा रंग कुणी कालवलेला नसतो. कणांच्या फटीत जिथं हवा होती तिथं पाणी शिरलं, एवढंच. सॉफ्ट पेस्टलनं लहान चित्रं काढणाऱ्याला ही एक गोष्ट नीट उमगली, तर ती चित्रं जपायची कशी याचा बराचसा उलगडा तिथंच होतो.

मी बेळगावात राहते आणि पोस्टकार्डाच्या किंवा त्याच्या निम्म्या आकाराची पेस्टल चित्रं काढते. येळ्ळूरचा राजहंसगड, शहापुरातली कौलारू घरं, सुगीनंतरची शिवारं. "एवढ्याशा कागदावर खडूनं काय दिसणार?" असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण लहान आकार आणि पेस्टल यांचं मुळात पटत नाही.

शाळेच्या दप्तरातले ऑइल पेस्टल वेगळे, त्यांत तेल आणि मेण असतं. सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्याची पूड, खडूसारखी पांढरी भुकटी आणि ती कांडी कशीबशी एकत्र राहील एवढाच डिंक असतो. हा डिंक बहुधा ट्रॅगाकँथचा, आणि तोही नावापुरता. म्हणून ही कांडी कागदावर टेकवताच झिजते. चिमटीतून सोडलेल्या रांगोळीची ही जवळची बहीण. रांगोळीत डिंक अजिबात नाही, पेस्टलमध्ये नसल्यासारखा.

तेलरंगात प्रत्येक कण तेलात बुडालेला असतो. पेस्टलमध्ये कणाभोवती हवा असते. एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळतो आणि थोडा परततो. किती, ते दोन्हींच्या अपवर्तनांकातल्या (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणाऱ्या अंकातल्या) फरकावर ठरतं. हवेचा अंक १, खडूचा साधारण १.६, जवसाच्या तेलाचा १.४८. खडू आणि हवा यांत फरक मोठा, म्हणून प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि भुकटी पांढरीशुभ्र दिसते. तोच खडू तेलात कालवला तर जवळजवळ पारदर्शक होतो. पेस्टलचा तो मखमली, आतून उजळल्यासारखा रंग हवेमुळे येतो. मातीतलं पाणी उन्हानं उडून जातं आणि माती पुन्हा फिकट होते. चित्रात शिरलेला चिकट द्रव मात्र परत जात नाही.

हे मी नुकसान सोसून शिकले. पावसाळी पहाटेचा गड मी काढला होता, पायथ्याशी धुकं. धुक्यासाठी पांढऱ्याचे सात-आठ हलके थर दिले होते. रंग झडू नये म्हणून हेअर स्प्रे मार, असं कुणीतरी सुचवलं होतं. मारला. वाळल्यावर पाहते तर धुकं नाही. खालची हिरवी झाडी स्पष्ट दिसत होती. स्प्रेमधल्या राळेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, म्हणजे खडूच्या अगदी शेजारी, त्यामुळे खडूचे कण तिथंच असूनही डोळ्यांना दिसेनासे झाले. चित्रकारांसाठी बनवलेलं फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का करणारा फवारा, यापेक्षा सौम्य असतं, पण त्याचाही परिणाम त्याच दिशेनं होतो. मी ते फक्त खालच्या थरांवर, तेही लांबून, तुषारासारखं वापरते. शेवटच्या थराला द्रवाचा थेंबही लागू देत नाही.

मग डिंकाशिवाय रंग टिकतो कसा? छताच्या पंख्याकडे बघा. रोज गरगरणाऱ्या पात्यांवरही धुळीचा थर असतोच. अतिसूक्ष्म कणांना पृष्ठभागाशी धरून ठेवणारी रेण्वीय ओढ असते, तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कण दहापट मोठा झाला तर ही ओढ साधारण दहापट वाढते, वजन मात्र हजारपट. म्हणून बारीक धूळ चिकटून राहते आणि जाडा कण पडतो. माझी सवय यातूनच आली: चित्र झालं की ते उभं धरून मागून बोटानं दोन टिचक्या मारायच्या. जे पडायचं ते तिथंच पडू द्यावं. राहिलेला थर बऱ्यापैकी पक्का असतो. फुंकर मात्र कधी मारू नये. उडालेली पूड श्वासात जाते, आणि काही पिवळ्या-लाल कांड्यांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. बोर्ड किंचित पुढे कलता ठेवला की पूड आपोआप खाली पडते. टेबल ओल्या फडक्यानं पुसावं.

आता लहान आकाराची अडचण. कांडीचं टोक सेंटिमीटरभर रुंद आणि माझ्या गडाचा बुरूज तीन मिलिमीटरचा. सुटलेला अर्ध्या मिलिमीटरचा एक कण माणसाच्या अख्ख्या डोक्याएवढा दिसतो. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा (१६७३–१७५७) आधी तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर, हस्तिदंतावर लघुचित्रं काढायची. पेस्टलमधल्या व्यक्तिचित्रांनी ती पुढे युरोपभर गाजली, पण ही चित्रं आकारानं मोठी होती. हात तोच, तरी माध्यम बदललं तसा आकारही वाढला, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्या शेजारच्या सावंतवाडीची गंजिफाही (हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) लहानच, पण तिथं रंग चिकट माध्यमात बांधलेला आणि वर लाखेचं कवच. तळहाताएवढी गंजिफा पिढ्यान्‌पिढ्या हाताळता येते. पेस्टलला बोटही लावता येत नाही.

यावर उपाय कागदात आहे. पेस्टलला खरखरीत कागद लागतो. त्याच्या खाचांत कण अडकून बसतात. पण खाचेपेक्षा बारीक रेघ काढता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवरचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे, ८०० नंबरचे २२ च्या आसपास. (केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.) बारीक कागद घेतला तर बुरूज रेखीव येतो, पण खाचा उथळ असल्यानं तीन-चार थरांतच भरून जातात आणि पुढचा रंग नुसता घसरतो. म्हणून लहान चित्रात आधी ठरवावं लागतं, मग रंगवायचं. मी कांडी मुद्दाम मोडते, तिच्या ताज्या धारदार कडेनं कौलांच्या ओळी ओढते आणि कड बोथट झाली की पुन्हा मोडते. सरावाला पॉलिश पेपर चालतो. त्याच्या पाठीचा कागद मात्र टिकाऊ नसतो, आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. ठेवायच्या चित्राला पेस्टलसाठी बनवलेला आम्लरहित कागदच हवा.

आमच्याकडची सगळ्यात मोठी परीक्षा पावसाळा. जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते आणि बुरशीला ६५-७० टक्के पुरतात. कागदातली खळ आणि कांडीतला डिंक हे तिचं अन्न. एका श्रावणात मावशीनं माझं एक चित्र उचललं आणि म्हणाली, "ह्याला बुरा आलाय की गं!" आभाळावर कापसासारखे ठिपके उठले होते. असा बुरा पुसायचा नाही, पुसला की तंतूंसोबत रंगही जातो. चित्र आधी कोरड्या जागी नेऊन पूर्ण वाळू द्यावं, मग मऊ ब्रशच्या टोकानं ते तंतू एकेक करून उचलावेत.

त्याहून बरं म्हणजे फ्रेम करायची वेळच नीट निवडणं. कोरड्या दिवसांत कागदात वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी असतं, पावसाळ्यात जवळजवळ दुप्पट. ऑगस्टात फ्रेम बंद केली तर ते पाणीही आत बंद होतं. पुढे भिंत तापली की ते कागदातून निघतं आणि रात्री गार काचेवर दवासारखं जमतं. म्हणून मी फ्रेमचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करते. पश्चिमेच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर चित्र लावत नाही आणि फ्रेमच्या मागे बुचाचे चार तुकडे चिकटवते, म्हणजे मागून हवा खेळते.

काच आणि चित्र यांत अंतर हवंच. "काच चिकटूनच बसवतात की ओ ताई सगळे," असं एका कारागिरानं मला सांगितलं होतं, आणि तशी बसवलेली फ्रेम उघडली तेव्हा माझं अर्धं आभाळ काचेवर आलं होतं. काचेऐवजी साधं अॅक्रिलिकही नको. पुसताना त्यावर स्थिर विद्युत साठते आणि केसांजवळ धरलेल्या कंगव्यासारखं ते भुकटीला ओढून घेतं.

उजेडाचं थोडक्यात. गेरू, काव, जांभ्याचा लाल हे लोहाचे ऑक्साइड, त्यांना उन्हाची भीती नाही. स्वस्त पेट्यांतले भडक गुलाबी-जांभळे मात्र खिडकीसमोर काही महिन्यांत विटू शकतात. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच, म्हणजे मंद उजेड देतात. जपलं तर पेस्टल टिकतं: चित्रकार लिओटारनं १७४४ च्या सुमारास चर्मपत्रावर काढलेली चॉकलेट घेऊन जाणारी मुलगी आजही जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ताजी आहे.

चित्र आणि मात (फ्रेममध्ये चित्राभोवती बसवलेली जाड कागदाची चौकट) यांच्यामध्ये मी आता तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घालते. पट्ट्या मातच्या कडेपासून थोड्या आत सरकवल्या की खाली एक लपलेली पन्हाळ तयार होते आणि सुटलेला कण मातवर न दिसता तिच्यात पडतो. परवा चार वर्षांपूर्वीची एक फ्रेम उघडली. पन्हाळीत चिमूटभरही नाही अशी लाल पूड होती, आणि गडाखालचं धुकं जसंच्या तसं होतं.